मोतीच्या हातचं धिरडं

लग्नाच्या मांडवातच एक बाई म्हणाली होती, "उकंडरावचा मोती हरपला, पन देवानं हिरा देल्ला बाप्पा!" भोवतालच्या बाया हसल्या. हिरीबाई तेव्हा पाटावर मान खाली घालून बसली होती. तिलाही ते ऐकून मनातून बरं वाटलं. हिरा मोत्यापेक्षा भारी असतो, एवढं तिला ठाऊक होतं.

मोतीबाई ही उकंडरावची पहिली बायको. मूलबाळ व्हायच्या आधीच तापानं गेली. हिरीला दुसरेपणावर देताना मामानं समजूत घातली होती की घर शेलूबाजार गावापासून जवळ आहे, विहिरीला पाणी आहे, सासू आणि नवरा सोडून तिसरं माणूस नाही. हिरीची आई ती रांगत असतानाच गेलेली. मामीच्या हाताखाली वाढलेल्या पोरीला अडून बसायची सवय नव्हती. ती कारंज्याकडून निघाली आणि उकंडरावच्या घरी आली.

तिसरं माणूस घरात होतं, हे तिला आल्यावर कळलं.

पहिल्याच दिवशी सासूनं तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक घातला. दुसरेपणाच्या बाईनं मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात वागवायचा, सणासुदीला आधी तिला निवद दाखवायचा आणि मग आपण जेवायचं, अशी रीत. बोटाच्या पेराएवढा तो पत्रा. त्यावर एक बाई ठोकलेली, तिला नाक नाही, डोळे नाहीत. हिरी वाकली की टाक पुढे लोंबायचा. पीठ मळताना परातीत यायचा, पाणी शेंदताना दोराला अडकायचा. हिरी तो मागे पाठीवर टाकायची. थोड्या वेळानं तो पुन्हा पुढे.

तरी टाकाचं तिला एवढं वाटलं नाही. खरं दुखणं धिरड्यांनी सुरू झालं.

हळद उतरल्यावर सासू म्हणाली, "आज धिरडे कर वं. लई दिवस झाले खाल्ले नाहीत."

हिरीनं मामीकडे पाहिलेलं तसं केलं. ज्वारी आणि उडदाची डाळ भिजवली, पाट्यावर वाटली, मीठ घालून रात्रभर झाकून ठेवली. सकाळी पीठ घोटघोट घोटलं आणि तव्यावर टाकलं. धिरडी झाली, पण जाड झाली. कडेला कडक, मधे गिच्च. सासूनं एक तुकडा गुळवणीत बुडवून तोंडात टाकला, हळूहळू चघळला आणि दाराबाहेर पाहत म्हणाली, "मोतीच्या हातचं धिरडं म्हंजे निस्ती जाळी. उजेडाले धरलं त पल्याडचं मानूस दिसे."

उकंडरावनं अर्धं धिरडं खाल्लं, उरलेलं ताटात सारलं आणि हात धुतले.  भाकरी असली की हाच माणूस ताट पुसून खायचा.

हिरीनं ते उरलेलं अर्धं धिरडं उचललं आणि चुलीमागे बसून स्वतः खाल्लं. ते खरंच वाईट झालं होतं. त्यामुळे तिला अजूनच राग आला.

त्यानंतर मोती तिला जिथंतिथं भेटू लागली. आठवडी बाजारात सुगराबी बांगडीवालीकडे ती हात पुढे करून बसली, तर सुगराबी हिरव्या बांगड्या चढवता चढवता म्हणाली, "उकंडरावच्या घरची का तू? हाय अल्ला! तुह्या घरची मोती बाजारले आली का माह्यासाठी फडक्यात धिरडे बांधून आने. थंडे झाले तरी कापसावानी नरम. तू भी आनशील ना?"

"आनीन ना," हिरी म्हणाली. तिनं हात इतक्या झटक्यानं मागे घेतला की एक बांगडी फुटली.

घरी येताना तिच्या डोळ्यांसमोर मोतीच होती. तिनं मोतीला कधी पाहिलं नव्हतं. म्हणून तिला हवी तशी ती रंगवता येत होती. गोरी, हातानं चपळ, वाटीभर पीठ घेऊन तव्यावर एका गिरकीत फिरवणारी. आणि ओसरीवर बसलेला उकंडराव तिच्याकडे पाहतोय. आपल्याकडे तो असा पाहत नाही. पाहील कसा? त्याच्या जिभेवर अजून तीच आहे.

हिरी हट्टाला पेटली. कधी तांदूळ घालून पाहिले, कधी डाळ वाढवून. कधी पीठ पातळ केलं, तर धिरडं तव्याला चिकटून त्याचा चिखल झाला. कधी घट्ट ठेवलं, तर थापलेल्या भाकरीसारखं निघालं. फुगलं की नाही ते पाहायला ती भांड्यावरचं झाकण घडीघडी काढायची आणि चमच्यानं ढवळायची. एकदा तिनं सासूलाच विचारलं, "आत्याबाई, ती कसं करे, तुमी त पाह्यलंच असंल?"

"मी कायले पाहू?" सासू म्हणाली. "ती करे, मी खाये."

आषाढात एक दिवस सासूनंच फळीवरून एक काळं गाडगं उतरवलं. मातीचं, रुंद पोटाचं, वापरून गुळगुळीत झालेलं. इतके दिवस ती त्याला कोणाला हात लावू देत नव्हती. म्हणाली, "याच्यात भिजव. मोती याच्यातच भिजवे."

हिरीनं नाइलाजानं त्यात पीठ घातलं. त्या रात्री उकडत होतं, चुलीत निखारेही बरेच होते. सकाळी पाहते तर पीठ काठापर्यंत चढलेलं. धिरडी पहिल्यांदाच जरा बरी झाली, बारीक बारीक भोकंही पडली.  हिरीनं पहिलं धिरडं सासूच्या ताटात वाढलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

सासूनं खाल्लं. डोळे मिटून खाल्लं. म्हणाली, "हां. आज मोतीची चव लागली."

हिरी आत आली. भिजवलं तिनं होतं, वाटलं तिनं होतं, धुरात बसून डोळे तिचे लाल झाले होते. आणि चव मोतीची! त्या दिवशी दुपारी तिनं ते गाडगं घासायला म्हणून विहिरीवर नेलं. धुणं धुवायच्या दगडावर ते दोन्ही हातांनी वर उचललं आणि आपटलं. खापऱ्या चिखलात पसरल्या. त्यांच्याकडे पाहताना तिला घटकाभर फार हलकं वाटलं.

घरी येऊन तिनं सांगितलं, "हातातून सुटलं."

सासू एवढंच म्हणाली, "सुटलं त सुटलं." पण त्या दिवशी ती जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

संध्याकाळी उकंडराव बैलांना पाणी पाजायला विहिरीवर गेला. हिरी कुडाच्या फटीतून पाहत होती. तो खाली बसला, एकेक खापरी उचलली, खांद्यावरच्या शेल्यात गोळा केली आणि नाल्याकडे निघून गेला. बराच वेळ आला नाही. आल्यावरही बोलला नाही. हिरीचं हलकं झालेलं मन पुन्हा जड झालं, आधीहून जड. त्यानं आपल्याला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

श्रावण लागला आणि मोतीच्या आईचा, धनीबाईचा सांगावा आला. तिचं गाव रिसोडच्या वाटेवर होतं. मोतीच्या जागी आलेली ती आपली लेकच, तेव्हा पंचमीला तिला माहेरी धाडा, असा तो सांगावा. हिरी नाही म्हणेल असं सासूला वाटलं होतं. पण हिरी लगेच तयार झाली. तिच्या मनात एकच होतं. मोतीनं ती विद्या आणली ती त्याच घरून. तिथं जायचं, म्हातारीकडून सारं काढून घ्यायचं आणि मोतीजवळ होतं ते मोतीजवळ राहू द्यायचं नाही.

उकंडरावनं तिला शेलूबाजारहून मोटरीनं रिसोडकडच्या मालेगावपर्यंत नेलं आणि तिथून चिखल तुडवत धनीबाईच्या दारात पोचवलं. घटकाभर टेकला, चहा घेतला आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी न्यायला येतो म्हणून परत गेला.

धनीबाई बुटकी, वाळलेली बाई होती. एकटीच राहायची. तिनं हिरीच्या पायांवर ऊन पाणी घातलं, तिला पाटावर बसवलं आणि न विचारता तिचे केस सोडून तेल लावायला घेतलं. हिरी ताठ बसून राहिली. तिच्या डोक्याला असा हात कोणी लावला नव्हता. मामी केसांत फणी घालायची ती उवा मारायला.

तेल लावताना धनीबाईला गळ्यातला टाक दिसला. तिनं तो बोटांवर घेतला, क्षणभर पाहिला आणि हळूच हिरीच्या चोळीच्या आत सारला.

"आत असू दे. कामात मधीमधी येत असंल," ती म्हणाली.

 हिरी भांडायला आल्यासारखी आली होती आणि इथं भांडायला कोणी नव्हतंच.

पंचमीला तवा चुलीवर ठेवत नाहीत, म्हणून दोघींनी उकडलेली दिंडं खाल्ली आणि वारुळाला जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी हिरीनं विषय काढला. शब्द तिनं आधीच जुळवून ठेवले होते. "माय, मले मोतीबाईसारखे धिरडे शिकवा. तिनं तुमच्यापाशीच शिकले ना?"

धनीबाई शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली. "मोतीले धिरडे येत होते?"

"काहून? सारं गाव नाव काढते!"

"लगनाच्या आधी माह्या घरी त पोरीनं एक धिरडं धड उलटवलं नाही," धनीबाई म्हणाली आणि हसली. हसता हसता तिचा चेहरा बदलला. "पहिल्या पंचमीले आल्ती तवा रडत आल्ती. इथंच बसली होती, तू बसली तिथं. म्हने, माय, त्या घरी माह्या हाताले चवच नाही म्हनतेत. सासू म्हने, धिरडं हाय का शेनाचा पोवटा? दुसऱ्या वर्षी आली तवाबी तेच. मंग मी शिकवलं. त सासरून आल्यागेल्या बाईसंगं निरोप धाडे, का माय, आता बरे होतेत. पन सासू बरं म्हनली का, असं विचारलं त काही सांगे नाही."

"एकडावबी म्हनल्या नाहीत?"

"म्हनली असती त पोरगी मले सांगाले धावत आली असती."

 इतके दिवस जिचा हिरीनं हेवा केला, ती गोरी, चपळ, कौतुकात न्हालेली मोती तिच्या डोळ्यांसमोरून पुसट होऊ लागली. तिच्या जागी एक पोरगी आली. चुलीमागे बसून आपणच केलेलं गिच्च धिरडं खाणारी. हिरीला ती आवडली नाही. हेवा करायला मोठी मोतीच बरी होती. ह्या मोतीचं काय करावं ते तिला कळेना.

त्याच संध्याकाळी धनीबाईनं शिकवायला घेतलं.

"ज्वारी येगळी भिजव, डाय येगळी. दोघीले येगळा येगळा येळ लागते. ज्वारीच्या चार मुठी, त डायीची एक. तांदुळाची चिमट, मेथीचे धा-बारा दाने डायीसंगं. अन् डाय लई धुवू नको. पानी पार निवळेपर्यंत धूशील त तिचं सत्त्व जाते, मंग फुगते कायले?"

डाळ वाटायची तीही पाण्यात बुडवून नाही. ओंजळीनं पाणी शिंपडत, वरवंट्याला चिकटून येईल अशी. हिरी वाटत होती आणि धनीबाई मधे मधे चिमूटभर पीठ उचलून वाटीतल्या पाण्यात सोडत होती. पीठ बुडालं की म्हणायची, "अजून." हिरीच्या दंडाला कळ लागली. शेवटी एक थेंब पाण्यावर तरंगत राहिला, म्हशीच्या दुधावरच्या फेसासारखा. "झालं," धनीबाई म्हणाली.

ज्वारी मात्र जरा रवाळ वाटायची. मग दोन्ही पिठं एकत्र करून हातानंच फेसायची, चमच्यानं नाही. "हाताची ऊब पायजे त्याले."

हिरीनं सवयीनं मिठाची वाटी ओढली. धनीबाईनं तिचं मनगट धरलं. "आता नाही. मीठ सकाळी, तव्यावर टाकाच्या आधी. आता टाकलं त पीठ उठतच नाही, आळशावानी पडून राह्यते."

भांडं पिठानं अर्धंच भरून वर फडकं बांधलं आणि भांडं चुलीच्या उबेला सरकवलं. हिरी दोनदा तिकडे गेली. दोन्ही वेळा धनीबाईनं तिला हटकलं. "पाहू नको वं घडीघडी. तुह्यावर कोनी असं डोये लावून बसलं त तुले काही सुचंल का?"

सकाळी फडकं सोडलं तर पीठ दुप्पट झालेलं, वर बुडबुडे, आंबूस गोड वास. हिरीनं ढवळायला हात घातला तर पुन्हा तिचं मनगट पकडलं गेलं. वरचं पीठ अलगद दुसऱ्या भांड्यात काढून त्यातच मीठ कालवायचं, लागेल तेवढंच. "सारं ढवळलं त रातभर भरलेला वारा निंगून जाते. तेच तुह्या धिरड्याचं दुखनं हाय, बाई."

वांग्याच्या देठानं तव्याला करडीचं तेल फिरवलं. हिरीनं वाटीनं पीठ ओतलं, बाहेरून आत फिरवत आणलं आणि झाकण ठेवलं. झाकण काढलं तेव्हा धिरड्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं उघडली होती. ते तव्यावरून आपणहून सुटलं. हिरीनं ते उचलून दाराकडे धरलं आणि त्यातून तिला अंगणातली शेळी दिसली.

तिनं ते धनीबाईच्या ताटात वाढलं. आता ती दाराला धरून उभी राहिली नाही, समोरच बसली.

धनीबाईनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग म्हणाली, "खरं सांगू? माह्या मोतीपेक्षा बरं केलं तू."

हेच वाक्य ऐकण्यासाठी हिरी लग्नापासून झुरत होती. सासूच्या तोंडून ऐकायचं होतं, नवऱ्याच्या, सुगराबीच्या. आणि ते आलं ते जिच्या तोंडून यायला नको होतं तिच्या तोंडून. धनीबाईचे डोळे कोरडे होते, पण पुढचा घास हातात तसाच थांबला होता.

"असं नका म्हनू, माय," हिरी म्हणाली.  "तुमी तरी असं नका म्हनू."

ती उठून मागच्या अंगणात गेली आणि रडली. आपण का रडतो आहोत हे तिला नीट उमजलं नव्हतं. मग हळूहळू कळलं. तिला पुन्हा मोतीचा हेवाच वाटत होता. धिरड्याचा नाही. मोतीला पंचमीला रडत यायला हे घर होतं. तेल लावायला हा हात होता. चुकलं की मनगट धरणारं माणूस होतं. धिरडी कोणालाही शिकता येतात. अशी आई कुठून शिकणार?

धनीबाई मागून आली. काही न विचारता शेजारी बसली. हिरीनं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. दोघी तशाच बसून राहिल्या. तोवर आत तव्यावरचं तेल जळून धूर झाला आणि मग दोघींनाही धावावं लागलं.

उकंडराव ठरल्या दिवशी आला. परत जाताना मालेगावला मोटर यायला उशीर होता. दोघं फाट्यावरच्या कडुनिंबाखाली बसली. धनीबाईनं बरोबर दिलेली धिरडी हिरीनं फडक्यातून काढून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं एक उचललं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं फडक्यावर ठेवलं.

हिरीच्या अंगाची लाही झाली. पण आज ती चुलीमागे नव्हती. "तिची याद येते म्हनून खात नाही ना तुमी?"

"कोनाची?"

"मोतीबाईची. धिरडं पाह्यलं का तिची याद येते, म्हनून अर्धं टाकता."

उकंडराव तिच्याकडे पाहतच राहिला. "मले धिरडं आवडतच नाही," तो म्हणाला. "लहानपनापासून. आंबूस लागते. बुढीले आवडते. तिच्या घरात राहाचं त खा लागते. मोतीचंही अर्धंच खात होतो मी."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू इचारलं कवा?"

हिरीला हसावं की त्याला ढकलून द्यावं ते कळेना. पण मनातली दुसरी गोष्ट अजून तशीच होती. "मंग त्या खापऱ्या कायले उचलून नेल्या?"

"बैलाच्या खुरात भरल्या असत्या," तो म्हणाला. मग बराच वेळ काडीनं माती उकरत राहिला. "अन् उकिरड्यावर फेकवल्या नाही मले."

"याद येते त."

"येते. खोटं कायले बोलू? बैलाले पानी पाजतो तवा येते. मी पानी शेंदो, ती बैलाच्या मानेवर हात फिरवत उभी राहे. बाकी दिवसभर काही नाही."

ऐकून हिरीच्या छातीत पुन्हा ते जुनं काहीतरी टोचलं. पण तो खरं बोलला होता आणि लग्नानंतर एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलला होता. फडक्यावरचं अर्धं धिरडं तिनं स्वतः खाल्लं. "उद्यापासून तुमाले भाकर," ती म्हणाली.

त्यानंतर पुष्कळ दिवस ती संध्याकाळी विहिरीकडे जायचं टाळायची. तेवढी जागा तिनं मोतीला सोडली. पुढे कधीतरी एक बैल बिथरला आणि त्याला धरायला तिला धावत जावं लागलं. त्यानंतर तीही तिथं उभी राहू लागली.

भादव्यात पितरांची नवमी आली. सवाष्ण गेलेल्या बाईचा तो दिवस. हिरीनं आदल्या दिवशी पीठ वाटलं आणि झाकण ठेवून तिकडे पाठ फिरवली. सकाळी धिरडी केली, गुळवणी केली, मोतीच्या नावानं पान वाढून बाहेर ठेवलं. मग सासूला वाढलं.

सासूनं धिरडं उचललं. उजेडाकडे धरलं. "मोतीच्या हातचं—" तिनं सुरुवात केली.

"आत्याबाई," हिरी म्हणाली, "मोतीबाई जित्ती होती तवा तिले हे कधी म्हनलं होतं का?"

ओसरीवर उकंडराव दोर वळत होता, त्याचे हात थांबले. सासूचा चेहरा लाल झाला. "सुनेले तोंडावर चांगलं म्हनत असतेत का? डोक्यावर बसते ते."

"ती त रडत होती म्हने माहेरी जाऊन."

 सासू ताटातल्या धिरड्याकडे पाहत राहिली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "मले तरी कोनं म्हनलं होतं वं? तीस वर्सं या चुलीपाशी बसली मी. एका मानसानं म्हनलं नाही."

 हिरीनं तव्यावरचं गरम धिरडं काढलं आणि सासूच्या ताटात वाढलं. सासूनं ते खाल्लं. "हे बी चांगलं झालं," ती म्हणाली. हिरीकडे बघून नाही, ताटाकडे बघून.

दुसऱ्या वर्षी हिरीला दिवस राहिले. मामानं बाळंतपणाचं काही विचारलं नाही. धनीबाईनं सांगावा धाडला, पोरीला बाळंतपणाला माझ्याकडे आणा. सासूनं साफ नकार दिला. शेवटी धनीबाईच गाठोडं घेऊन शेलूबाजारला मोटरीतून उतरली आणि उकंडरावच्या घरी राहायला आली. हिरीला मुलगी झाली.

हिरी धनीबाईला माय म्हणायची आणि सासूला आत्याबाई. काही लागलं की आधी मायला हाक जायची. सासूला ते खपत नव्हतं. धनीबाईनं बाळाला न्हाऊ घातलं की पाणी फार कढत, शेक दिला की धूर फार. बारशाच्या आदल्या दिवशी धनीबाई तव्यापाशी बसली होती. शेजारीण बाळाला पाहायला आली, तेव्हा सासूनं तिच्या हातावर धिरडं ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "खाय, पन याच्यात काही दम नाही. हे या बाईनं केलं. आमच्या हिरीच्या हातचं खाऊन पाह्य एकडाव! निस्ती जाळी असते."

आतल्या खोलीत बाजेवर पडलेल्या हिरीनं ते ऐकलं. क्षणभर तिला गोड वाटलं, फार गोड. अख्ख्या शेजाराला ऐकू जाईल असं सासू तिचं नाव घेत होती. मग तिनं मान वळवून दारातून पाहिलं. चुलीपाशी धनीबाईचा हात पिठाच्या वाटीसकट हवेत थांबला होता.

"माय," हिरीनं आतून हाक मारली, शेजारणीलाही ऐकू जाईल अशी, "मले त लई आवडलं. अजून एक टाका माह्यासाठी."

ओसरीवर सासू काहीतरी पुटपुटली. धनीबाईनं वाटी खाली आणली, आणि तव्यावर पीठ चर्रकन वाजलं.